निमखेडचं पाणी

धाड, २ फेब्रुवारी २०२५

प्रेमानंद,

जय भीम. घ्यायचा तर घे, नाही तर राहू दे.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतोस. डोळे शाबूत आहेत, बोटंच तेवढी झिजली असतील. म्हणून आता पोस्टानं लिहितेय. पाकिटावर तुझं नवं आडनाव घातलंय, धाडकर. हिवाळे लिहिलं असतं तर तुमच्या सोसायटीच्या वॉचमननं परत पाठवलं असतं. आबांनी पाकीट हातात घेऊन पाहिलं. मला वाटलं आता फाडतात. चष्मा पुसला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाये तुह्यं." बस्स, एवढंच.

आबा बरे आहेत. मीही बरीच म्हणायची. हे गेल्यापासून मी इथंच, आबांजवळ. शाळेची दोन वर्षं राहिली आहेत. पोरांना शिकवायचं सोडून दिवसभर मोबाईलवर माहिती भरायची, घरी येऊन आबांना आंघोळ घालायची, भाकर टाकायची, की झोप. माझ्या सुशीलची बदली सुरतला झाली, तो फोन करतो. तू करू नकोस, उगाच सवय लागेल.

घाबरू नको, काही मागत नाही. एक विचारायचंय, तेही माझ्यासाठी नाही. गेल्या महिन्यात शाळेतून आले तर आबा ओसरीवर बसलेले. म्हणाले, "धम्मे, माह्या मायचं माहेर कोणतं?"

मी म्हटलं, आबा, माय तुमची, मला काय विचारता?

"मले माहीत असतं तर तुले काऊन विचारलं असतं?"

खरंच रे. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला आपल्या आईचं गाव माहीत नाही. वंशावळ विचार, सात पिढ्या घडाघडा म्हणतात. तुझ्या माझ्या सर्टिफिकिटांच्या वेळी तहसीलमध्ये म्हणूनच दाखवली होती. आबांचे वडील तुळशा, तुळशाचे वडील राणू, राणूचे अमुक. सगळे बाप्पेच. बाई एकही नाही. आबांची आई भागीरथी, आबांना जन्म देऊन आठ दिवसांत गेली. सावत्र आईनं वाढवलं, आणि तिनं सवतीच्या माहेराचं नाव घरात काढू दिलं नाही. रागावली की तेवढं म्हणायची, "जाय घाटाखाली, तुह्या मामाकडं, नळगंगेतले मासे खाय." आबांजवळ आहे ते एवढंच. घाट उतरायचा, नळगंगेचा काठ धरायचा, पुढं अंधार.

का हवंय, ते ऐकून तू हसशील. मीही हसले. बाई मेली की अंगावर माहेरचं लुगडं पडतं. भागीरथीच्या अंगावर पडलं नाही. माहेरचं कुणी आलंच नव्हतं. "ते राह्यलं," म्हणतात आबा. "ते द्यायचं हाये."

मी म्हटलं, आबा, तेरवी बंद करा, पिंड बंद करा म्हणून तुम्ही गावभर भांडलात. सख्ख्या चुलत्याच्या मातीलाही सोडलं नाहीत कुणाला. आता हे काय?

तर म्हणाले, "मी सोडलं. तिनं कुठी सोडलं होतं?"

यावर काय बोलशील?

तर विचारायचं ते असं. लहानपणी आबा तुला घेऊन घाटाखालच्या लग्नांना जायचे, मला नाही. तिथं कुणी म्हातारं माणूस मामेकूळ विचारायचंच. तेव्हा काही कानावर पडलं असेल, एखादं गाव, एखादं आडनाव, तर कळव. पोस्टकार्ड चालेल. आडनाव नाही घातलंस तरी चालेल.

तुझी ताई


धाड, ९ मार्च २०२५

प्रेमानंद,

तुझं कार्ड आलं नाही. नाही येणार हे माहीत होतं, तरी पोस्टमनला दोनदा थांबवलं. तो म्हणाला, मॅडम, आता कार्डं कोण लिहितं?

आबा बरे आहेत. पायावर थोडी सूज येते, या वयात यायचीच. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलंय आणि पाणी मोजून प्यायला सांगितलंय. यावरून रोज भांडण. "साऱ्या जन्मात लोकाइनं पाणी मोजून देल्लं, आता पोरगीही देऊन राह्यली." असं बोलतात आणि वर माझ्याकडे बघून हसतात. वैताग नुसता.

आता काय झालं ते सांगते. माझ्या शाळेतली दीपमाला, तिच्या मुलीचं लग्न मलकापूरला होतं. पंचशील झालं, जेवणं सुरू झाली. मंगल कार्यालयात वाढप्यांची बोंब, म्हणून आम्ही बायकांनी पाण्याचे ग्लास फिरवायला घेतले. एका कोपऱ्यात एक म्हातारी बसलेली, ऐंशीच्या पुढची, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. मी ग्लास दिला. तिनं घेतला आणि विचारलं, "कोणाची वं तू?"

"धाडची. हिवाळे."

"कोण्या हिवाळ्याची?"

"तुळशा हिवाळ्याची नात."

तिनं ग्लास खाली ठेवला. फरशीवर. ओठाला लागायचाच होता. म्हणाली, "आमी त्याइच्या हातचं पाणी पीत नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, काऊन हो माय? आपण कोण, आपलं पाणी कोणी कोणी बंद केलं, त्यासाठी आपले लोक कुठवर गेले, आणि तुम्ही बुद्धाच्या फोटोखाली बसून आपल्याच माणसाचं पाणी नाकारता? जरा मोठ्यानंच बोलले. लोक बघायला लागले. तिचा मुलगा धावत आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, मलकापूर डेपोत एसटी चालवतो, संघपाल तायडे नाव. बिचारा हात जोडायला लागला. "ताई, मनावर नका घेऊ. आमच्या घरी हे पह्यलेपासून हाये. मायले लय खेपा सांगून पाह्यलं." म्हातारी मात्र ढिम्म. "सासूनं सांगतलं, म्या पाळलं," एवढंच.

परतीच्या गाडीत माझे डोळे भरले. अपमान झाला म्हणून नाही, दमले होते म्हणून. घरी येऊन आबांजवळ तणतणले. मला वाटलं तेही चिडतील. तर हे खाटेवर उठून बसले.

"कोणतं गाव त्याइचं?"

"निमखेड."

"नळगंगेच्या काठी हाये का ते?"

"असेल. मला काय माहीत?"

"जाय तिथं."

मी म्हटलं, आबा, माझं पाणी फरशीवर ठेवलं त्या बाईनं! तर म्हणाले, "बाई, परक्याशी एवढं वैर कोणी धरत नाही. तीन पिढ्या पुरलं, म्हंजे सोयरं हाये ते."

पाण्यावरून तुला आबांचं जयंतीचं भाषण आठवलं असेल. मला तर तिथंच, त्या मांडवातच आठवलं. दर चौदा एप्रिलला तेच. "माहा बाप मरतानी म्हने, तिथं पाणी प्यायले नोयतं पाह्यजे. शेवटचा शब्द पाणी!" मग आबा सांगायचे की तुळशानं कधीतरी वरच्या आळीच्या विहिरीवर पाणी प्यायलं असणार, मार खाल्ला असणार, आणि मरेपर्यंत बोलला नसणार. लोक डोळे पुसायचे. शाळेतली पोरं मात्र तुला "ए पाणी" म्हणायची. तू एकदा एकाचा दात पाडलास. मला वाटतं तू धाड सोडलंस ते त्या दिवशीच, कॉलेजला गेलास ते नंतर.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नको. पुण्यात आडनाव ऐकून तुला भाड्यानं खोली देईनात, हे तू मलाच पहिल्यांदा सांगितलं होतंस. आबांना सांगितलं असतंस तर कदाचित... पण तू सांगितलं नाहीस, आणि ते अकरा वर्षांपूर्वी न कळवता तुझ्या दारात येऊन उभे राहिले. पाटी वाचली, प्रेमानंद धाडकर. सूनबाईनं तांब्या पुढं केला, तो न घेता जिना उतरले आणि तसेच उपाशी एसटीनं परत आले. त्या दिवसापासून तुम्ही दोघं खांबासारखे दोन बाजूला उभे, आणि मधली दोरी मी. वाळत घाला कपडे.

रविवारी निमखेडला जाते. जीव होत नाही, पण जाते.

ताई


धाड, २७ मार्च २०२५

प्रेमानंद,

जाऊन आले. आबांना अजून सांगितलेलं नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि खरंच दुखायला लागलं.

संघपाल मोताळ्याला मोटारसायकल घेऊन आला होता. म्हातारीचं नाव कौशल्याबाई. घर चांगलं आहे, स्लॅबचं, दारात बाबासाहेबांचा फोटो, पोरीचे नर्सिंगचे फोटो. मला ओट्यावर बसवलं, चहा दिला. म्हणजे त्यांचं मी प्यायचं, माझं त्यांनी नाही, असा हा कायदा. मी मुकाट्यानं चहा प्यायले.

मी म्हटलं, माय, मी भांडायला नाही आले. माझ्या आबांना त्यांच्या आईचं माहेर शोधायचंय. भागीरथी नाव होतं.

म्हातारीनं माझी रिकामी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाली, "ते माह्या सासऱ्याची बहीण."

तर मिळालं बघ. सासरा म्हणजे महादू तायडे, आबांचा मामा. सापडायचं ते असं सापडलं. पण पुढचं ऐक.

मयताचा सांगावा नेणं हे आपल्या लोकांच्या माथी मारलेलं काम होतं, हे तू भाषणांतून ऐकलंयस. गावात कोणाच्याही घरी माणूस मेलं, की त्यांच्या लांबच्या सोयऱ्यांना सांगायला आपल्यातल्याच माणसानं पायी जायचं, घुंगराची काठी घेऊन. नाही म्हणायची सोय नाही. त्याचा एक नेम होता, तो मला कौशल्याबाईंनी सांगितला. सांगावा तोंडात असेपर्यंत वाटेत कुणाच्या ओट्यावर टेकायचं नाही, कुणाचं पाणी घ्यायचं नाही. ज्याचं मयत त्याला सांगून झालं, की मगच घोट.

आता तिच्याच शब्दांत लिहिते, मला माझ्या शब्दांत जमायचं नाही.

"तुळशा आला. हातात काठी, घुंगराची. आमच्या आजेसासूनं, भागीरथीच्या मायनं, वळखलं, जावई हाये. पाणी देल्लं. त्यानं पिलं. म्हने पोरगं झालं, भागीरथी बरी हाये. तिनं खुशीत घरातला डिंक, खोबरं, गूळ, होतं नोयतं ते बांधून देल्लं बाळंतिणीसाठी. तो घेऊन गेला. महिन्यानं मलकापूरच्या बाजारात धाडकडचा माणूस भेटला. म्हने, भागीरथी तर तवाच गेली, मातीही झाली. आता सांग. पोरीचं मयत तोंडात ठून त्यानं मायच्या हातचं पाणी पिलं का नाही? वरतून डिंक नेला. आजेसासू मरेपर्यंत म्हने, त्या घरचं पाणी पिऊ नका."

मी म्हटलं, माझा आजा असा नव्हता.

"तू पाह्यला का?"

नाही रे. मी कुठं पाहिला? माझ्या जन्माच्या आधी गेला. काय सांगणार? आपल्याकडे त्याचा फोटो नाही, आवाज नाही, नुसतं जयंतीतलं ते एक वाक्य. तेवढ्यावर मी त्याची वकिली करत बसले आणि हरले.

घाट चढताना गाडी गच्च भरलेली. उभ्यानं आले. आबांना काय सांगू? तुमचं मामाचं घर सापडलं, आणि तिथं तुमच्या बापाला थुंकतात? लुगडं कोण देणार आता? तुला हे सगळं लिहितेय ते सल्ल्यासाठी नाही. कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून.

आबा बरे आहेत. रात्री जरा दम लागतो.

ताई


धाड, १६ एप्रिल २०२५

प्रेमानंद,

सांगितलं एकदाचं. लपवून काय होतं, ते माझ्या चेहऱ्याकडे रोज बघत होते. म्हणाले, "शाळेतल्या पोराइसारखी तोंड लपवून काऊन फिरून राह्यली? मेलं कोण?"

सगळं ऐकून घेतलं. दिवसभर जेवले नाहीत. मला वाटलं, झालं, आपणच मारलं यांना. दुसऱ्या दिवशी मी भाकर थापत होते तर ओसरीवरून हाक आली.

"धम्मे! काय बांधून देल्लं म्हने ती बाई?"

"डिंक. खोबरं, गूळ."

"डिंक?"

मी पीठभरल्या हातानं बाहेर आले, तर हे रडत होते. मी आबांना आपल्या आईच्या मातीच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

आपल्याला कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. भागीरथी गेल्यावर त्यांना शेजारच्या बाळंतिणीनं अंगावर पाजलं, आपल्या लेकरासोबत. तिला स्वतःच्या घरी खायला नव्हतं. ती जगली, आणि आबा जगले, ते तुळशानं आणलेल्या एका गाठोड्यावर. डिंक आणि खोबरं. लोक आबांना लहानपणी म्हणायचे, "तू तुह्या मेल्या मायच्या बाळंतविड्यावर वाढला." ते गाठोडं कुठून आलं, हे तुळशानं जन्मात सांगितलं नाही. सगळ्यांना वाटायचं, बाजारातून.

आबा म्हणाले, "आता तूच सांग. बायको मेली हे ज्याले माहीत हाये, तो माणूस बाळंतिणीचा डिंक पाठीवर घेऊन घाट चढंल का? कोणासाठी चढंल?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

तो निघाला तेव्हा ती जिवंत होती, प्रेमानंद. हातात काठी, म्हणजे पाटलाच्या घरचं मयत असणार, सोयरे मलकापूरकडचे, आणि याच्या घरात पाच-सहा दिवसांची ओली बाळंतीण. जा म्हटलं की जायचं. आबा म्हणतात, तिनंच सांगितलं असणार, वाटेवरच तर हाये माझं माहेर, मायले सांगून या, पोरगं झालं. आणि तो भला माणूस, एका तोंडात दोन सांगावे घेऊन निघाला. एक पाटलाचं मयत, एक आपलं पोर. सासूनं पाणी पुढं केलं, नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं आपलीच पोरगी गेली. नेम मोडून प्यायला. मलकापूरला पाटलाचा सांगावा पोचवला, गाठोडं घेऊन परत आला, तर इकडे माती होऊन गेलेली.

आणि तो जन्मभर काय समजला, कळतंय ना तुला? की आपण नेम मोडला, सांगावा तोंडात असताना पाणी प्यायलो, म्हणून ती गेली. "तिथं पाणी प्यायले नोयतं पाह्यजे." गावभरच्या लोकांची मरणं दारोदार सांगत फिरलेला माणूस, बायकोचं सांगायला सासूच्या दारात काही जाऊ शकला नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

परवा जयंती झाली. आबा हट्टानं स्टेजवर गेले, दोघांनी धरून नेलं. डीजेवाला पोरगा घड्याळ बघत होता. आबांनी माईक घेतला आणि म्हणाले, "इतके वर्षं मी तुमाले सांगत आलो, माह्या बापानं इहिरीवर पाणी पिलं. ते चुकलं. इहीर बंद होती हे खरंच हाये, कोणी खोटं समजू नका. पण ते पाणी इहिरीचं नोयतं. माह्या बापाले ओली बाळंतीण टाकून परक्याचं मयत सांगाले जावं लागलं. मार खाल्ला असता तं बरं झालं असतं, मार एक दिवसाचा असते." एकानं मध्येच टाळी वाजवली. मग डीजे सुरू झाला.

मी त्याच संध्याकाळी संघपालला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, मायले सांगतो. तिच्या गळी उतरंल का नाही, माहीत नाही.

आबा बरे आहेत. आता खुर्चीतच झोपतात, आडवं झालं की खोकला येतो.

ताई


धाड, ५ मे २०२५

प्रेमानंद,

काल सकाळच्या एसटीनं कौशल्याबाई आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढं तिकीट नाही, त्याचा पुरेपूर वापर. सोबत संघपाल, तो बाई कुठं उतरून पळून जाईल की काय असा मागं मागं. म्हातारी दारात येऊन उभी राहिली. आत नाही, ओट्यावर नाही. मी जय भीम केला, तिनं नुसती मान हलवली. आबा खुर्चीतून बघत होते. मी आपली मधे, नेहमीसारखी.

ती म्हणाली, "पाणी आण वं."

मी तांब्या भरून आणला. तिनं दारात उभ्या उभ्याच तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. मग पदरानं तोंड पुसून आत आली, आबांच्या समोर बसली आणि म्हणाली, "भाऊजी, आमचं लय दिवस चुकलं."

पुढं दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही. चुलीकडं जाऊन पोटभर रडून घेतलं. तू असतास तर माझ्यावर हसला असतास, आणि मला ते हवं होतं.

लुगडं आणलंय. हिरवं, नऊवारी. मलकापुरात मिळालं नाही म्हणून खामगावहून मागवलं. आता प्रश्न, द्यायचं कुठं? भागीरथीला पुरलं ती जागा आबांना साधारण माहीत आहे, ओढ्याच्या अंगाला, जिथं आपले लोक जुन्या काळी माती द्यायचे. दगड नाही, खूण नाही. बाभळी होत्या, त्याही गेल्या. संघपाल म्हणाला, तिथं नेऊन ठेवू. आबा म्हणाले, "उघड्यावर ठेवलं तं कोणी उचलून नेईन. माह्यासंगं द्या. मी नेऊन देतो तिले."

कौशल्याबाईनं डोळ्याला पदर लावला. तर आबा लगेच, "मेल्यावर काही नसते, हे मले माहीत हाये. तरी द्या."

एक गोष्ट त्यांनी तुला लिहायला सांगितलेली नाही, मी लिहितेय. पाहुणे गेल्यावर आबा म्हणाले, "मी प्रेमानंदच्या दारातून पाणी न पिता आलो. दारात येऊन पाणी न घेणारा माणूस मयत सांगाले आलेला असते. मी त्याले काय सांगाले गेलो होतो? कोण मेलं होतं?" मग म्हणाले, "नाव बदललं तं बदललं. माह्या मायचं नाव तं कुठंच नोयतं, म्हणून ती माय नोयती का?"

अपेक्षाचा फोन येतो मला, तुला माहीत नाही. रागावू नको तिला. ती म्हणाली, आत्या, बाबा तुमची पत्रं कपाटात कपड्यांखाली ठेवतात. पहिलं तर इतक्यांदा उघडलंय की घडीवर फाटलंय.

मग ये ना रे बाबा. शाळेला सुट्टी आहे, मी घरीच आहे. दोन दिवस ये. बोलू नकोस हवं तर, नुसता बसून जा.

आबा बरे आहेत.

ताई


धाड, ३१ मे २०२५

प्रेमानंद,

हे पत्र ज्यानं तुझ्या हातात दिलं तो संघपाल तायडे. आबांच्या मामाचा नातू. त्याला अजून आत ये म्हणू नको, पाणी विचारू नको. तो घेणार नाही. आधी वाच.

काल संध्याकाळी आबा गेले. खुर्चीतच. मी भात कालवत होते.

बरे आहेत असं लिहायला त्यांनीच सांगितलं होतं. प्रत्येक पत्राला. "त्याले बरा हाये म्हणूनच लिही. यायचं असंल तं बऱ्या माणसाकडं यावं." मला पटत नव्हतं, पण त्यांचं ऐकायची सवय लागलेली.

फोन केला असता तर तू उचलला नसतास. अपेक्षाला केला असता, पण हे पोरीच्या तोंडून तू ऐकावंस असं मला वाटेना. मी पहिला फोन निमखेडला केला. सकाळी उजाडायला सगळे दारात. मी संघपालला म्हटलं, पुण्याला कोणाला तरी पाठवते. तो म्हणाला, "ताई, मी जातो. तुमच्या घरून एक सांगावा आमच्याकडं यायचा राह्यला होता. आता हा एक आमच्या हातून जाऊ द्या." भाच्याची गाडी घेऊन निघालाय. नेम पाळ म्हणून त्याला कुणी सांगितलेलं नाही, त्याच्या आईनं चहा पुढं केला तर हात जोडून बाजूला झाला.

शीतपेटी आणलीय. उद्या दुपारी बारापर्यंत थांबतो, त्यापुढं लोकांना थांबवता येणार नाही, ऊन फार आहे. जुन्या जागेतच माती द्यायची, ओढ्याच्या अंगाला, ग्रामपंचायतीशी बोलून झालंय. लुगडं त्यांच्या छातीशी ठेवलंय. एक खांदा तुझ्यासाठी मोकळा ठेवते.

पाकिटावर या वेळी आडनाव घातलेलं नाही. हातोहात द्यायचं, पत्त्याची गरज काय?

वाचून झालं असेल तर आता त्याला आत घे आणि पाणी दे. सकाळपासून उन्हात गाडी चालवतोय, त्यानं घोटभर घेतलेलं नाही.

ताई